‘तुझे राज्य येवो’ : कुठलं राज्य?

मार्कंडेयकाठ | रविवार, दुपारी १.५०

चर्चच्या शब्बाथ शाळेत लहान पोरांचा वर्ग माझ्याकडं आहे. चर्चचं नाव सांगत नाही, बेळगाव केवढंसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आज प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेली, ओळ ओळ सोडवून सांगत होतो. ‘तुझे राज्य येवो’ म्हटलं आणि दुसऱ्या बाकावरच्या आठ वर्षांच्या पोरानं हात वर केला.

“सर, कुठलं राज्य? महाराष्ट्र का कर्नाटक?”

मोठी पोरं फिस्सकन हसली. मागं बसलेल्या त्याच्या आईनं डोळे वटारले. पण पोरगं चेष्टा करत नव्हतं. त्याच्या कानावर ‘राज्य’ हा शब्द पडतो तो नोव्हेंबरच्या एक तारखेला. गल्लीच्या एका तोंडाला कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा, दुसऱ्या तोंडाला मराठी लोकांच्या काळ्या दिवसाची सायकल फेरी, आणि घरात आजोबा म्हणणार, ‘मरायच्या आधी आपल्या राज्यात जायचंय.’ तिसरा अर्थ त्याला कुठून ठाऊक असणार?

मी म्हटलं, “स्वर्गाचं राज्य रे.” तर म्हणतो, “मग आपण तिथं जायचं ना? ते इथं कशाला येईल?”

घंटा झाली म्हणून वाचलो.

घरी येऊन जेवतानाही तेच डोक्यात. पोरगं बरोबर बोललं की! प्रार्थनेत ‘आम्हाला तुझ्या राज्यात ने’ असं नाहीच. ‘येवो’ आहे, आणि लागलीच ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही’. आपण प्रत्येक मयतीला ‘स्वर्गाच्या राज्यात गेले’ म्हणत म्हणत त्या येण्याचं जाणं करून टाकलंय. येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, लिहिणाऱ्यांपैकी मत्तय ‘स्वर्गाचे राज्य’ लिहितो तिथं मार्क आणि लूक ‘देवाचे राज्य’ लिहितात. गोष्ट एकच. मत्तय यहुदी रीतीनं देवाचं नाव घ्यायचं टाळतो, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. जुन्या बायका नवऱ्याचं नाव न घेता ‘हे’ म्हणायच्या तसं.

मूळ ग्रीक शब्द ‘बासिलेया’, येशूच्या अरामी बोलीत ‘मल्कुता’. त्यात मुलूख हा अर्थ आहे, पण आधी येतं ते राजेपण, हुकमत. मला विचाराल तर जुना मराठी शब्द ‘अंमल’ जास्त जवळचा. ‘तुझा अंमल बसो.’ मुलखाला हद्दीचा दगड लागतो. अंमल माणसांवर बसतो.

आता हे आठ वर्षांच्या पोराला कसं सांगू? पुढच्या रविवारी तो विचारणारच.

लोंढा_पॅसेंजर | रविवार, दुपारी २.३५

आमच्या घरात हा घोटाळा झालाच नाही कधी. आम्ही मूळ गोव्याकडचे, चार पिढ्या खानापूर तालुक्यात. कोंकणी प्रार्थना अशी : ‘तुजें राज आमकां येंव’. राज. राज्य नव्हे. भाचरं कन्नड माध्यमात जातात, ती म्हणतात ‘निन्न राज्यवु बरलि’. म्हणजे मराठीत राज्य, कन्नडातही राज्य. ज्या शब्दावरून १९५६ पासून भांडण चाललंय तो दोघांनी एकाच संस्कृत कोठारातून उचललाय, आणि आमची कोंकणी मधल्यामध्ये ‘राज’ म्हणून मोकळी!

संपादक | रविवार, दुपारी २.५०

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तिथं अजून जागा आहे. इथं विषय धरून लिहावं ही विनंती.

निपाणीकर_देसाई_नव्हे | रविवार, संध्याकाळी ५.१०

माझी शंका अगदी मुळातली. देवाला राजा म्हणायचं कशाला? ज्या काळात राजापेक्षा मोठं काही डोळ्यांना दिसत नव्हतं, त्या काळची ही उपमा. राजे गेले, उपमा राहिली. आणि उपमा बिनविषारी नाही. देवाला राजा म्हटलं की दुसऱ्या दिवशी राजाला देव म्हणणारे भाट उभे राहतात. इजिप्तचा फारो म्हणजे होरस देवच. रोमचा ऑगस्टस ‘देवपुत्र’. आपल्याकडं ‘ना विष्णुः पृथिवीपतिः’. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्यानं १७५० मध्ये राज्य पद्मनाभस्वामीच्या चरणी वाहिलं आणि स्वतः ‘पद्मनाभदास’ म्हणून कारभार बघू लागला. आता त्याच्याविरुद्ध तक्रार करायची कुणाकडं, देवाकडं? ख्रिस्ती जगही मागं नाही. इंग्लंडचा पहिला जेम्स १६१० मध्ये पार्लमेंटला ऐकवतो की राजे हे पृथ्वीवरचे देवच. त्याच्या पोराचं मुंडकं लोकांनी १६४९ मध्ये उडवलं, तेव्हा कुठं ती भाषा जरा उतरली.

पोरानं विचारलं ते योग्यच. राज्य म्हटलं की ‘कुणाचं?’ हा प्रश्न आलाच.

जुनाकरार | रविवार, रात्री ९.२०

निपाणीकर, तुम्ही अर्धी गोष्ट सांगितलीत. उरलेली अर्धी आमच्याच पुस्तकात, बायबलात, आहे, आणि ती राजांना फारशी सोयीची नाही.

इस्राएली लोक देशात स्थिरावले तेव्हा त्यांना राजाच नव्हता. गिदोनानं लढाई जिंकली, लोक म्हणाले आमचा राजा हो. तो म्हणाला, मी राज्य करणार नाही, माझा पोरगाही नाही, परमेश्वर करील. त्याचाच एक पोरगा, अबीमलेख, सत्तर भावांना मारून राजा झाला. धाकटा योथाम तेवढा वाचला. तो गरिज्जीम डोंगरावर उभा राहून ओरडून एक गोष्ट सांगतो. झाडांना राजा हवा होता. जैतुनाला विचारलं, तो म्हणाला माझं तेल सोडून तुमच्यावर डुलत कोण बसणार? अंजिरानं गोडवा सोडला नाही, वेलीनं रस सोडला नाही. शेवटी विचारलं काटेरी झुडपाला. ते एका पायावर तयार, वर म्हणतं कसं, या माझ्या सावलीत! बाभळीखाली उन्हाचं कधी बसलाय का कुणी? निवडणुकीच्या दिवसांत ही गोष्ट मी वर्गात सांगायचो. हेडमास्तरांना ती आवडायची नाही.

मग शमुवेल संदेष्ट्याचा काळ. लोक म्हणतात, बाकीच्या राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे. परमेश्वर शमुवेलाला म्हणतो, त्यांनी तुला नाही, मला टाकलंय, मी त्यांचा राजा नको झालोय. पण त्यांना सांग, राजा आला की काय काय होईल. आणि शमुवेल पाढाच वाचतो. तुमची पोरं रथापुढं पळायला नेईल. पोरी स्वयंपाकाला आणि अत्तरं करायला नेईल. चांगली शेतं, द्राक्षमळे काढून घेऊन आपल्या माणसांना देईल. धान्याचा दहावा हिस्सा, मेंढरांचा दहावा हिस्सा घेईल. तुम्ही त्याचे दास व्हाल, ओरडाल, आणि त्या दिवशी परमेश्वर ऐकणार नाही. जमीन गेलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा अध्याय वाचून दाखवा. तो विचारेल, हे लिहिणारा आमच्या तालुक्यातला का?

एवढं सांगूनही लोकांनी राजा मागितला आणि मिळाला. दाविदाशी देवानं करार केला, स्तोत्रांत राजाला ‘माझा पुत्र’ म्हटलंय, हे खरं. पण तो दत्तक पुत्र. फारोसारखा अंगानंच देव नव्हे. म्हणून तर दाविदानं उरियाची बायको घेतली आणि उरियाला मारवलं तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात जाऊन तोंडावर म्हणू शकला, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ मराठी माणसाला इथं रामशास्त्री प्रभुणे आठवल्याशिवाय राहत नाहीत. फरक एवढाच की रामशास्त्र्यांपाठी धर्मशास्त्र होतं आणि नाथानापाठी स्वतः राजाच होता, वरचा. नियमशास्त्रात राजाला घोडे, बायका आणि सोनं-चांदी, तिन्हींवर मर्यादा. वर नियमाची प्रत स्वतः लिहून काढायची आणि जन्मभर वाचायची.

तेव्हा ‘देव राजा आहे’ ह्या वाक्याला तिथं धार आहे ती ही : म्हणून दुसरा कुणी पुरता राजा नाही. उपमा तीच, पण भाटाच्या तोंडात वेगळी आणि नाथानाच्या तोंडात वेगळी.

चंदगडची_सून | रविवार, रात्री १०.०५

वाचनखूण साठवली. बाभळीची गोष्ट उद्या स्टाफरूममध्ये सांगणार.

माळकरी_बैलूर | सोमवार, सकाळी ६.४०

रामकृष्णहरी मंडळी. मी वारकरी, ख्रिस्ती धर्मातलं मला काही कळत नाही. पण राजा म्हटल्यावर आमच्याकडं कमी आहेत का? पंढरीचा राणा आहे. दख्खनचा राजा जोतिबा आहे, चैत्री यात्रेला आमच्या भागातून सासनकाठ्या जातात. गणपतीत चव्हाट गल्लीत बेळगावचा राजा बसतो. छत्र, चामर, पालखी, भालदार-चोपदार, सगळा थाट राजाचाच. मग तुमच्यात आणि आमच्यात फरक काय? आम्हालाही तो राजाच वाटतो, पण भीती वाटत नाही. विठोबा तर जनीबरोबर दळायला बसतो.

मार्कंडेयकाठ | सोमवार, सकाळी ८.१५

माऊली, दळायला बसणारा राजा म्हटलंत आणि माझं अर्धं काम केलंत. येशूनं देवाच्या राज्याचे दाखले दिले त्यांत सिंहासन फार कमी वेळा येतं. मोहरीचा दाणा येतो. तीन मापं पिठात खमीर कालवणारी बाई येते, म्हणजे आपली रात्री इडलीचं पीठ आंबवून झाकणारी बाईच. शेतात पुरलेला हंडा सापडतो आणि माणूस सगळं विकून ते शेत घेतो. मासे धरायचं जाळं येतं. ‘देवाचे राज्य कशासारखे आहे?’ असं विचारून तो प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात नाहीतर वावरात शिरतो. दरबारात क्वचितच.

फरक विचारलात तर मला दिसतो तो सांगतो, चुकलो तर जुनाकरार सर आहेत. पंढरीचा राणा युगं अठ्ठावीस तिथं उभा आहे आणि आपण त्याच्याकडं जायचं. येशूच्या बोलण्यात राज्य ‘जवळ आलं आहे’. म्हणजे काळात काहीतरी हललंय. मार्कात त्याचं पहिलं वाक्यच तसं आहे : काळ पूर्ण झाला आहे, देवाचं राज्य जवळ आलं आहे, पश्चात्ताप करा. वारीत चालणारे आपण. इथं चालत येतंय ते राज्य.

माळकरी_बैलूर | सोमवार, सकाळी ८.३०

तोही पुंडलिकाकडं चालतच आला होता की. विटेवर थांबला एवढंच.

मार्कंडेयकाठ | सोमवार, सकाळी ८.३२

ह्यावर उत्तर नाही माझ्याकडं. :)

येणारा_राजा | सोमवार, सकाळी ११.००

इथं सगळे उपमा-उपमा करत बसलेत. वचन स्पष्ट आहे. प्रभू मेघांवर परत येईल, सैतानाला हजार वर्षं बांधलं जाईल आणि ख्रिस्त प्रत्यक्ष राज्य करील. प्रकटीकरण, २० वा अध्याय. त्याच्या मांडीवर नाव लिहिलेलं असेल, राजांचा राजा व प्रभूंचा प्रभू. तोवर ह्या जगातली राज्यं येतील-जातील. खमीर नि इडलीत अडकू नका, तयार राहा.

जुनाकरार | सोमवार, दुपारी १२.४५

भाऊ, तुमच्या आशेबद्दल आदर आहे. पण त्या हजार वर्षांवर सगळी मंडळी एकमतानं कधीच नव्हती. कुणी ती अक्षरशः घेतात. ऑगस्टीननं पाचव्या शतकात ती चालू मंडळीचाच, म्हणजे चर्चचाच, काळ म्हणून वाचली, आणि रोमन कॅथलिक व बरेच प्रॉटेस्टंट आजही त्याच वाटेनं जातात. जिथं सगळे एक आहेत ती ओळ वेगळी आहे. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेनं विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, ‘त्याच्या राज्याचा अंत होणार नाही’ हे ठेवलं, ते आपण सगळेच म्हणतो. राज्य आलंय का यायचंय, हे भांडण मात्र विसाव्या शतकात तज्ज्ञांतही पेटलं होतं. श्वाइट्झर म्हणे, येशू जगाचा शेवट लगेच होणार अशा अपेक्षेत जगला. डॉड म्हणे, छे, त्याच्या येण्यातच राज्य येऊन पोचलं. आता बहुतेक जण ‘आलंय, पण पुरतं नाही’ ह्यावर थांबलेत.

ऊसवाला_चिकोडी | सोमवार, रात्री ८.५०

आलंय पण पुरतं नाही म्हणजे काय ते मला इचारा. उताऱ्यावर नाव चढलंय पण कब्जा मिळंना झालाय! आमच्या आज्ज्यानं घेतलेल्या दीड एकराचं तसंच झालंतं. कागद आमचा, नांगर दुसऱ्याचा. पर कागद आला म्हंटल्यावर आमी त्या बांधावरनं मान वर करून जाऊलागलो, हे बी खरं. धर्म माझा येगळा, पर ह्यो धागा मी पयल्यापास्नं वाचालोय.

लोंढा_पॅसेंजर | सोमवार, रात्री ९.१०

उतारा-कब्जा! हे थेट प्रवचनात घ्यायला हवं. आमच्या फादरना पाठवतो.

निपाणीकर_देसाई_नव्हे | सोमवार, रात्री ११.३०

नाथान, योथाम, सगळं मान्य, आणि आवडलंही. पण पुढं काय झालं? येशू म्हणाला ‘माझे राज्य ह्या जगाचे नाही’, आणि त्याच्या अनुयायांनी ह्या जगातली एकही गादी सोडली नाही. पोर्तुगीज आले ते एका हातात क्रूस घेऊनच. व्हिक्टोरिया १८७७ मध्ये ‘कैसर-इ-हिंद’ झाली. तुमच्या मराठी बायबलात रोमच्या बादशहाला जो शब्द आहे, कैसर, तोच. त्याच कैसराच्या पोलिटिकल एजंटांच्या सावलीत मिशनरी काम चाललं. ‘ह्या जगाचे नाही’ ह्याचा सोयीचा अर्थ असा निघतो की ह्या जगातलं चालू दे तसंच, आपण वरचं बघू.

शहापूर_हातमाग | मंगळवार, दुपारी ३.१५

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

निपाणीकरांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पण दोष वाक्याचा नाही, वापराचा. मूळ ग्रीकमध्ये ते ‘ह्या जगातून आलेले नाही’ असं आहे. म्हणजे त्याचं बळ इथल्या रिवाजाचं नाही. पुढचं वाक्य वाचा : तसं असतं तर माझे सेवक लढले असते. बोलणं तलवारीबद्दल आहे. जागेबद्दल नव्हे. आणि हे तो कुणाला सांगतोय, तर पिलाताला, कैसराच्या माणसाला, हात बांधलेल्या अवस्थेत. राज्य निव्वळ मनातलं असतं तर पिलाताला घाम फुटला नसता.

आता बेळगावकरांसाठी खास. क्रूसावर येशूच्या डोक्यावर जी पाटी लावली, ‘नासोरी येशू, यहुद्यांचा राजा’, ती तीन भाषांत होती! योहान स्पष्ट सांगतो : इब्री, लॅटिन, ग्रीक. घरची, सरकारी आणि बाजाराची. जागा शहराला लागूनच, म्हणून पुष्कळांनी ती वाचली. आणि लगेच पाटीवरून तक्रार! मुख्य याजक पिलाताकडं जातात : ‘यहुद्यांचा राजा’ असं लिहू नका, ‘मी यहुद्यांचा राजा आहे असं ह्यानं म्हटलं’ असं लिहा. पिलात म्हणतो, मी लिहिलं ते लिहिलं. आपल्याकडं पाटीवरून एवढं पाहिलंय की हा प्रसंग वाचताना मला दर वेळी कॉर्पोरेशनच आठवतं. थोडं आधी हेच याजक ओरडले होते, ‘कैसरावाचून आम्हाला कोणी राजा नाही.’ शमुवेलाच्या वेळी राजा मागितला होता. इथं तर देव राजा असल्याचंच सोडून दिलं.

आणखी एक, हे कुठं वाचलेलं नाही, माझ्याच डोक्यातलं आहे. मराठीत राज्याचा चौथा अर्थ आहे आणि तो त्या पोराला नक्की ठाऊक असणार. लपंडावात, आंधळ्या कोशिंबिरीत ‘राज्य’ कुणावर येतं? जो पकडला जातो त्याच्यावर. आमच्या गल्लीत डाव म्हणायचे, पण मामाकडं राज्यच. राज्य आलं की त्याचे डोळे बांधायचे, सगळ्यांनी टपल्या मारून पळायचं आणि त्यानं ओळखायचं. लुकाचा २२ वा अध्याय काढा. पहारेकरी येशूचे डोळे बांधतात, मारतात आणि विचारतात, ओळख, तुला कोणी मारलं? नंतर शिपाई जांभळा झगा, काट्यांचा मुगुट आणि हातात बोरू देऊन ‘हे यहुद्यांच्या राजा, तुझा जयजयकार असो’ म्हणून खेळतात. त्यांच्या लेखी खेळच होता तो. राज्य त्याच्यावर आलं होतं.

मार्कात तो शिष्यांना म्हणतो की परराष्ट्रीयांचे अधिपती त्यांच्यावर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं नाही. ज्याला पहिलं व्हायचंय त्यानं सर्वांचा दास व्हावं. खेळात असतं तसंच. ज्याच्यावर राज्य, पळायचं त्यानं.

चंदगडची_सून | मंगळवार, दुपारी ३.४०

बाई गं. अंगावर काटा आला.

जुनाकरार | मंगळवार, संध्याकाळी ५.००

शहापूरच्या बाई, पहिल्यांदाच लिहिताय हे पटत नाही. चाळीस वर्षं शिकवलं, आंधळ्या कोशिंबिरीकडं लक्ष गेलं नव्हतं.

निपाणीकरांना थोडं देणं आहे. मिशनरी सगळे एका माळेचे नव्हते, पण तुमचा मुद्दा मराठी ख्रिस्ती माणसालाच आधी टोचला होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १९११ मध्ये दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला. सहा वर्षांनी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात चालणार होते. मिशनच्या वहीत नाव आहे का, हे तिथं विचारायचं नव्हतं. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक गेले आणि दरबार विरला. शब्द मात्र बघा कुठला उचलला. ज्या शब्दावर साहेबाचा हक्क होता तोच.

लोंढा_पॅसेंजर | मंगळवार, रात्री १०.२०

कॅथलिक बाजूनं भर. आमच्याकडं ख्रिस्त राजाचा सण असतो. पोप अकरावे पायस ह्यांनी तो डिसेंबर १९२५ मध्ये सुरू केला. म्हणजे रशियाचा झार, जर्मनीचा कैसर, ऑस्ट्रियाचा बादशहा, तुर्कांचा सुलतान हे सगळे घरी गेल्यावर! आणि इटलीत मुसोलिनी बसल्यावर. निपाणीकर म्हणतात राजे गेले, उपमा राहिली. इथं तर राजे गेल्यावर सण आला. काही जणांना त्यात चर्चचा जुना तोरा दिसतो, आणि तो अजिबात नव्हता असं मीही म्हणणार नाही, कारण १८७० मध्ये पोपचं स्वतःचं राज्य गेलं होतं. पण हुकूमशहाच्या तोंडावर ‘राजा दुसरा आहे’ म्हणणंही त्यात होतं.

आधी हा सण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा. १९६९ नंतर तो उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी गेला, म्हणजे नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या आदल्या रविवारी. त्या दिवशीची शुभवर्तमानाची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात येतात. एका वर्षी भुकेल्याला खायला दिलं का, तुरुंगात भेटायला आलात का विचारणारा राजा, एका वर्षी पिलातासमोरचा, एका वर्षी चोराशेजारी टांगलेला. तिन्हींत घोडा-हत्ती नाही.

निपाणीकर_देसाई_नव्हे | बुधवार, सकाळी ९.००

टिळकांचा दरबार ठाऊक नव्हता. आभार. खेळाचं वाचून मी गप्प झालोय, पण पटलोय असं समजू नका.

अवांतर : १९२४ ला काँग्रेसचं अधिवेशन आपल्या बेळगावात झालं, गांधी अध्यक्ष असलेलं ते एकमेव. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्याच वेळची. ह्याच गांधींनी १९२९ मध्ये लिहिलं की रामराज्य म्हणजे मी हिंदूंचं राज्य म्हणत नाही, देवाचं राज्य म्हणतो. आफ्रिकेत असताना त्यांनी टॉलस्टॉय वाचला होता, त्या पुस्तकाचं नावच लूक १७ मधल्या वचनावर : देवाचं राज्य तुमच्यात आहे. ‘तुमच्यात’ म्हणजे अंतःकरणात की तुम्हा लोकांच्या मधोमध, हे जाणकार सांगतील.

जुनाकरार | बुधवार, सकाळी ९.४५

दोन्ही अर्थ निघतात. पण येशू हे परूश्यांना, त्याच्या विरोधकांना, सांगतोय. त्यांच्या अंतःकरणात राज्य आहे असं म्हणेल का? मला ‘तुमच्या मधोमध’ जवळचं वाटतं. मराठीतलं ‘तुमच्यामध्ये’ दोन्ही झाकून नेतं, हे भाषांतरकारांचं नशीब.

मार्कंडेयकाठ | शुक्रवार, रात्री ९.३०

आजोबांबद्दल लिहायचं राहिलं होतं. त्या पोराच्या. काल त्यांना घरी जाऊन भेटलो, ८० च्या पुढं आहेत. प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय त्यांनीच काढला. येशू मेलेल्यांतून उठल्यावर शिष्य त्याला विचारतात, ‘प्रभूजी, ह्याच काळात आपण इस्राएलाचे राज्य पुन्हा स्थापित कराल काय?’ चाळीस दिवस देवाच्या राज्याबद्दल ऐकूनही शेवटचा प्रश्न हा! आजोबा हसले. म्हणाले, “मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. सीमेवरच्या ६७ सालच्या महाजन अहवालापास्नं विचारतोय.” उत्तर काय मिळालं? काळ-वेळ जाणणं तुमच्याकडं नाही, तुम्ही साक्षी व्हा. “२००४ पास्नं सुप्रीम कोर्टात पण तेच चाललंय,” असं म्हणून त्यांनी चहा ओतला. संपादक, एवढं चालवून घ्या.

ऊसवाला_चिकोडी | शुक्रवार, रात्री १०.००

आमच्यासाठी कायतरी घ्या की सर. त्यो द्राक्षमळ्याचा दाखला हाय न्हवं, मिशन शाळेत शिकलोतो. मालक सकाळी चौकातनं गडी नेतोय, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांला एकच हजेरी, एक रुपाया का काय ते.

जुनाकरार | शुक्रवार, रात्री १०.१०

दीनार. मजुराचा एक दिवसाचा रोज.

ऊसवाला_चिकोडी | शुक्रवार, रात्री १०.२५

तेच. मी गेल्या साली एकदा असं दिलं बगा, दुपारी आलेल्या म्हाताऱ्याला पुरी हजेरी. सकाळच्या गड्यांनी दुसऱ्या दिवशी कामच बंद केलं! मुकादम म्हणाला, मालक, असं राज्य चालत नसतंय. मी त्यास्नी काय सांगू? त्यांचंबी खरंच होतं. पर म्हाताऱ्याच्या घरात चूल तेवढीच पेटती न्हवं, पाचला आला म्हणून पोटं कमी हाईत का त्याच्या घरात? अजून ठरंना झालंय मला.

शहापूर_हातमाग | शुक्रवार, रात्री १०.४०

प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ नंतर भाकरच येते : ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे.’ त्यानंतर ऋण सोडण्याचं. मार्कंडेयकाठ, पोरांना ह्या ओळी सलग म्हणायला लावा. एकेक सुटी नको.

मार्कंडेयकाठ | रविवार, दुपारी १.३५

झाला वर्ग.

ठरवलं तसं आधी मैदानात लपंडाव घेतला. राज्य त्याच पोरावर आलं, मुद्दाम नाही, खरंच. धापा टाकत आत आल्यावर विचारलं, “राज्य आलं तर कसं वाटलं?” म्हणाला, “दमलो.” मग खमिराचं सांगितलं, शिष्यांचे पाय धुणाऱ्या राजाचं सांगितलं. अंमल वगैरे शब्द गिळले. मोठी पोरंही ह्यावेळी हसली नाहीत.

शेवटी पाटीचं सांगितलं. फळ्यावर चौकोन काढला, तीन भाषांत लिहिलं होतं म्हटलं, इब्री, लॅटिन, ग्रीक. पोरगं एकदम पुढं सरकलं. त्याला वाटत होतं असं काय ते फक्त बेळगावातच असतंय.

हात वर.

“सर, त्यातली सगळ्यात वर कुठली भाषा होती?”

घंटेला अजून दहा मिनिटं होती.